फुलस्क्रीन केल्यावर व्हीएस कोडमधला मराठी मजकूर विस्कटतो: दुरुस्ती कुठून सुरू करायची

व्हीएस कोड हा कोड आणि साधा मजकूर लिहिण्याचा एडिटर. त्यात मराठी लिहिणाऱ्यांची तक्रार साधारण तीन प्रकारची असते. एक, फुलस्क्रीन केलं की उजवीकडचा अर्धा पडदा मोकळा राहतो आणि ओळी मध्येच मोडतात. दोन, ओळी मोडतच नाहीत, सरळ उजवीकडे पळत सुटतात. तीन, वरचा टॅब किंवा खालची पट्टी कापल्यासारखी दिसते. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: एडिटर काढून टाकतात आणि पुन्हा घालतात. पंधरा मिनिटं जातात, दोष तिथेच असतो. कारण प्रोग्राम काढला तरी आपल्या सेटिंग आणि एक्स्टेन्शन (एडिटरला वरून जोडलेल्या जादा सोयी) आपल्या युजर फोल्डरमध्ये तशाच राहतात. नवीन प्रत येते आणि त्याच जुन्या सेटिंग उचलते.

दुसरी चूक म्हणजे एकदम चार बटणं फिरवणं. झूम बदलला, फॉन्ट बदलला, रॅप (ओळ आपोआप मोडणं) बदललं, मग नेमकं कशाने सुधारलं (किंवा आणखी बिघडलं) ते कळत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी पडदा, मग विंडो, मग मांडणी, आणि शेवटी ओळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सेटिंगची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. शोधपेटीत टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

## तयारी: पाच मिनिटं, पण टाळू नका

१. उघडलेल्या सगळ्या फाइल सेव्ह करा. पुढे विंडो रीलोड करावी लागेल, कदाचित पूर्ण बंदही.

२. सेटिंगची प्रत काढा. कंट्रोल + शिफ्ट + पी दाबून (उघडते ती कमांड पेटी) 'ओपन युजर सेटिंग्ज जेसन' निवडा, आतला सगळा मजकूर एका वेगळ्या फाइलमध्ये चिकटवून ठेवा. प्रयोग फसला तर परतीची वाट हीच.

३. एक चाचणी फाइल बनवा. यात दोन परिच्छेद हवेत. पहिल्यात 'मुख्यमंत्र्यांच्या' हा शब्द वीसेक वेळा, मध्ये जागा सोडून, एकाच ओळीत, एंटर न दाबता. दुसऱ्यात काना-मात्रा नसलेले शब्द: घर, वड, कमळ, बदक, गवत, नगर, असे पन्नाससाठ. हा खेळ कशासाठी, ते पाचव्या टप्प्यात कळेल.

४. दोष दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या. विंडोजमध्ये विंडोज + प्रिंट स्क्रीन, मॅकवर कमांड + शिफ्ट + ३. मोबाइलने काढलेला फोटो चालणार नाही, त्याचं कारण दुसऱ्या टप्प्यात येतं.

सूचना: मराठी कीबोर्ड चालू असताना शॉर्टकट दाबला आणि काहीच घडलं नाही, तर आधी इंग्रजी कीबोर्डवर या. शॉर्टकट बिघडलाय असं समजून पुढच्या दुरुस्तीला लागू नका.

## टप्पा १: तुम्ही नक्की कुठल्या मोडमध्ये आहात?

'फुलस्क्रीन' या एका शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

साधी फुलस्क्रीन म्हणजे एफ११ (बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन, मॅकवर कंट्रोल + कमांड + एफ). यात विंडो पडदाभर होते, पण साइडबार आणि खालची स्टेटस पट्टी जागच्या जागी राहते.

झेन मोड म्हणजे कंट्रोल + के, मग कंट्रोल सोडून झेड. यात साइडबार जातो, स्टेटस पट्टी जाते, ओळींचे आकडे जातात आणि मजकूर पडद्याच्या मधोमध येतो. मूळ सेटिंगमध्ये झेन मोड स्वतःच फुलस्क्रीनही लावतो. बाहेर पडायला एस्केप दोनदा.

तिसरी गोष्ट सेंटर्ड लेआउट. नुसता मजकूर मधोमध आणणं, बाकी सगळं तसंच. ती फुलस्क्रीनशिवायही चालू राहू शकते.

आता मजा बघा. आधी एफ११ दाबलं आणि त्यानंतर झेन मोड लावला, तर एस्केप दोनदा दाबल्यावर झेन मोड जातो, फुलस्क्रीन राहते. कारण ती झेन मोडने लावलेलीच नव्हती. साइडबार परत आलेला, वर मेन्यू मात्र नाही, आणि माणूस म्हणतो मांडणी अडकली. अडकलेलं काही नसतं. एफ११ पुन्हा दाबा.

मेन्यूचंही तसंच. 'मेन्यू बार व्हिजिबिलिटी' ही सेटिंग 'क्लासिक' असेल तर फुलस्क्रीनमध्ये मेन्यू लपणं हे ठरवलेलंच वागणं आहे. मेन्यू नसला तरी कंट्रोल + शिफ्ट + पी चालतं, सगळ्या कमांड तिथून मिळतात.

तपासा: एस्केप दोनदा, मग गरज पडली तर एफ११, असं करून साध्या विंडोत या. कमांड पेटीतून 'टॉगल सेंटर्ड लेआउट' एकदा चालू-बंद करून बघा. साध्या विंडोतही दोष दिसतोय? मग तो फुलस्क्रीनचा नाहीच. सरळ टप्पा ५ वर जा.

## टप्पा २: पडदा

तयारीत घेतलेला स्क्रीनशॉट आता उघडा. पडद्यावर कडा कापलेल्या दिसतात पण स्क्रीनशॉटमध्ये त्या शाबूत आहेत, तर एडिटरला हात लावू नका. संगणकाने चित्र पूर्ण पाठवलंय, ते दाखवणारा टीव्ही किंवा प्रोजेक्टर कडा खातोय. स्क्रीनशॉटमध्येही तसंच कापलेलं असेल तर पुढच्या टप्प्याला जा.

माझा एक सबंध तास यात गेलेला आहे. एका वाचनालयाच्या हॉलमध्ये लेखन कार्यशाळा होती, लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेला. झेन मोड लावला की पहिली ओळ अर्धी कापलेली. मी झूम, फॉन्ट, लाइन हाइट, सगळं फिरवून झालं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "खाली घड्याळ पण अर्धंच दिसतंय, ते पण तुमच्याच प्रोग्रामचं का?" टास्कबारही कापला जात होता. टीव्हीच्या रिमोटवर चित्राच्या मापाचा पर्याय बदलला आणि विषय संपला.

टीव्हीमध्ये हा पर्याय 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा अशाच एखाद्या नावाने पिक्चर सेटिंगमध्ये असतो. कडा कापून चित्र किंचित मोठं दाखवण्याची ही सवय टीव्हीमध्ये जुन्या काळापासून आहे. सिनेमात ती जाणवत नाही, मजकुरात लगेच डोळ्यांत येते.

दोन पडदे जोडलेले असतील तर विंडोज + पी दाबून बघा. 'डुप्लिकेट' असेल तर दोन्ही पडद्यांना एकच रेझोल्यूशन वाटून घ्यावं लागतं आणि त्यातला एक पडदा बऱ्याचदा ताणलेला किंवा बारीक दिसतो. 'एक्स्टेंड' करा, एडिटरची विंडो साध्या आकारात हव्या त्या पडद्यावर ओढून न्या, आणि मगच फुलस्क्रीन करा. लॅपटॉपचं स्केलिंग १५०% आणि बाहेरच्या पडद्याचं १००% असेल तर हा क्रम आणखीच महत्त्वाचा. आधी पडदा बदलायचा, मग मोठं करायचं.

## टप्पा ३: विंडोचा झूम

कंट्रोल आणि अधिक किंवा उणे चिन्ह यांनी व्हीएस कोडमध्ये फक्त अक्षरं नाही, सबंध विंडो मोठी-लहान होते: साइडबार, टॅब, चिन्हं, सगळं. दर पायरीला २०% फरक पडतो. ब्राउझरच्या सवयीने लोक तीन पायऱ्या वर जातात आणि मग म्हणतात, फुलस्क्रीनमध्ये जागाच उरत नाही.

१. झूम मूळ जागी आणा: कंट्रोल आणि नंबर पॅडवरचं शून्य. बऱ्याच लॅपटॉपवर नंबर पॅड नसतं आणि वरच्या रांगेतलं शून्य हे काम करत नाही. अशा वेळी 'व्ह्यू' मेन्यू, 'अपिअरन्स', 'रीसेट झूम'.

२. सेटिंगमध्ये 'विंडो: झूम लेव्हल' शून्य आहे का बघा.

३. अक्षरं बारीक वाटत असतील तर झूम सोडून 'एडिटर: फॉन्ट साइझ' वाढवा.

तपासा: कमांड पेटीतून 'डेव्हलपर: रीलोड विंडो' करा, पुन्हा फुलस्क्रीन लावा. कापलेल्या पट्ट्या परत आल्या का?

## टप्पा ४: मधोमध मांडणी एका बाजूला सरकलीय

झेन मोडमध्ये मजकूर मधोमध असायला हवा, पण डावीकडे चार बोटं आणि उजवीकडे वीतभर जागा दिसते? सेंटर्ड लेआउटच्या दोन्ही कडांना धरून ओढता येतं. एक कड ओढली की दुसरीही तेवढीच सरकते, मजकूर मध्येच राहतो. मात्र ऑल्ट दाबून ओढलं तर एकच कड हलते. टाइप करता करता ऑल्टवर बोट, माउस नेमका त्या अदृश्य कडेवर, आणि मांडणी तिरकी. दुरुस्ती तशीच करायची: कडेवर माउस नेला की कर्सर बदलतो, तिथे धरून, ऑल्ट दाबून, नजरेने मध्य साधा.

उलट तक्रार म्हणजे मोकळी जागा अचानक नाहीशी होणं. तेव्हा एडिटर दोन भागांत विभागलेला आहे का बघा. एकापेक्षा जास्त गट उघडले की सेंटर्ड लेआउट आपोआप पूर्ण रुंदी घेतो, एकच गट उरला की परत आवळतो. मूळ फाइल डावीकडे आणि अनुवाद उजवीकडे ठेवणाऱ्यांना हेच हवं असतं. नको असेल तर 'सेंटर्ड लेआउट ऑटो रीसाइझ' बंद करा. दर वेळी विंडोचा आकार बदलल्यावर स्तंभाची रुंदी बदलू नये असं वाटत असेल तर 'सेंटर्ड लेआउट फिक्स्ड विड्थ' चालू करा.

## टप्पा ५: ओळ कुठे मोडते

मराठी लिहिणाऱ्यांच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं, आणि इंग्रजीत कोड लिहिणाऱ्या मित्राला विचारलं तर त्याला ते कधी दिसलेलंच नसतं.

व्हीएस कोडची ओळ मोडण्याची मूळ पद्धत 'सिंपल' आहे. ती असं धरून चालते की प्रत्येक चिन्हाची रुंदी सारखी. इंग्रजी मोनोस्पेस फॉन्टला ते लागू पडतं. देवनागरीत काय होतं ते 'मुख्यमंत्र्यांच्या' या शब्दावर बघा. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात: मु, ख्य, मं, त्र्यां, च्या. संगणकाच्या खात्यात मात्र म, उकार, ख, हलन्त, य अशी सुटी चिन्हं पडतात, आणि त्यांची बेरीज १८ होते. हलन्ताला पडद्यावर स्वतःची जागा लागत नाही, अनुस्वारालाही नाही, तरी मोजणीत त्यांना पूर्ण घर मिळतं. ८० घरांच्या ओळीत हा शब्द जेमतेम चार वेळा बसतो. म्हणजे वीस अक्षरं झाली की ओळ मोडली, उजवीकडे ओसाड माळ.

'घर वड कमळ' मध्ये उलट. जेवढी अक्षरं तेवढीच घरं, पण देवनागरी अक्षर त्या बारीक इंग्रजी घरापेक्षा रुंद असू शकतं. मग ओळ वेळेत मोडत नाही आणि उजवी कड ओलांडते. चाचणी फाइलमधले दोन परिच्छेद याचसाठी होते. त्यांच्या उजव्या कडा एकमेकींपासून दूर पडल्या असतील तर निदान झालं.

मग हे फुलस्क्रीनमध्येच का खुपतं? लहान विंडोत चूक चारदोन अक्षरांची असते. ओळ जितकी लांब, तितकी ती चूक साचत जाते.

करायचं असं:

१. 'एडिटर: वर्ड रॅप' चालू आहे याची खात्री करा. साध्या टेक्स्ट फाइलला मूळ सेटिंगमध्ये रॅप बंद असतं, मार्कडाउन फाइलला (साध्या चिन्हांनी मथळे, याद्या दाखवणारी टेक्स्ट फाइल) चालू. एकच लेख एका फाइलमध्ये नीट आणि दुसरीत उजवीकडे धावणारा दिसतो तो यामुळे. तात्पुरतं बदलायला ऑल्ट + झेड.

२. 'एडिटर: रॅपिंग स्ट्रॅटेजी' शोधा, 'सिंपल'च्या जागी 'ॲडव्हान्स्ड' निवडा. आता ओळ कुठे मोडायची ते अक्षरांची खरी रुंदी बघून ठरतं.

३. फुलस्क्रीन लावून चाचणी फाइल बघा. दोन्ही परिच्छेदांच्या उजव्या कडा आता जवळपास सारख्या यायला हव्यात. एखाद्या शब्दाचा फरक राहीलच, कारण लांब शब्द मावला नाही तर पुढच्या ओळीवर जातो.

सावधान: 'ॲडव्हान्स्ड' पद्धत संथ आहे. फार मोठ्या फाइलवर एडिटर अडखळू शकतो. सबंध कादंबरी एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्यांनी प्रकरणवार फाइल कराव्यात. हे मी असंही सुचवलंच असतं.

नेहमीची चूक: सेटिंग बदलली तरी मार्कडाउन फाइलवर काहीच परिणाम नाही. एखाद्या भाषेसाठी स्वतंत्र सेटिंग असेल तर ती सर्वसाधारण सेटिंगवर मात करते, आणि मार्कडाउनला वर्ड रॅपची स्वतंत्र सेटिंग आधीपासूनच आहे. शोधपेटीच्या फिल्टरमधून 'लँग्वेज' निवडून मार्कडाउनची सेटिंग वेगळी बदला. 'वर्कस्पेस' हा टॅबही बघून घ्या. जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधली सेटिंग तुमच्या युजर सेटिंगला झाकत असते.

रॅपची मर्यादा ८०वरून १६० करणं हा इंटरनेटवर सापडणारा लोकप्रिय तोडगा आहे. तो करू नका. जोडाक्षरांच्या ओळी थोड्या लांबतात खऱ्या, पण कडा वेड्यावाकड्याच राहतात, आणि बिनमात्रांच्या ओळी आणखी बाहेर जातात.

## टप्पा ६: वेलांट्या आणि रफार छाटले जातात

'निर्मितींचं', 'कर्तृत्व', 'हृदय', 'चिठ्ठी' हे शब्द एकाखाली एक लिहा. वरचा रफार, अनुस्वार किंवा ऋकाराचा खालचा भाग वरच्या-खालच्या ओळीला भिडत असेल तर ओळीची उंची कमी पडतेय.

'एडिटर: लाइन हाइट' मध्ये शून्य असेल तर उंची फॉन्टच्या आकारावरून आपोआप ठरते. ८पेक्षा लहान आकडा दिला तर तो पट समजला जातो, ८ किंवा त्याहून मोठा दिला तर पिक्सेल. इथेच गोंधळ होतो. कोणी मोकळं दिसावं म्हणून १२ लिहितो आणि ओळी एकमेकींवर चढतात, कारण त्याने बारा पिक्सेलची ओळ मागितलेली असते. मराठीसाठी १.७ किंवा १.८ पासून सुरुवात करा.

'एडिटर: फॉन्ट फॅमिली' मध्ये देवनागरी फॉन्टचं नाव स्वतः लिहा: आधी तुमचा इंग्रजी फॉन्ट, मग स्वल्पविराम, मग नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता किंवा निर्मला यूआय. नाव दिलं नाही तर सिस्टीम हाती येईल तो फॉन्ट उचलते, आणि घरच्या व ऑफिसच्या मशीनवर तीच फाइल वेगळी दिसते. फॉन्ट बदलल्यावर चाचणी फाइल पुन्हा बघा.

## टप्पा ७: अजूनही बिघडलेलंच? एक्स्टेन्शन, मग ग्राफिक्स

कमांड पेटीतून 'प्रोफाइल्स: क्रिएट अ टेम्पररी प्रोफाइल' चालवा. हा कोरा एडिटर आहे, तुमच्या सेटिंग नाहीत, एक्स्टेन्शन नाहीत. (रॅपही मूळ स्थितीत असेल, तेव्हा टेक्स्ट फाइलवर आधी ऑल्ट + झेड.) इथे फुलस्क्रीन नीट दिसली तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. नेहमीच्या प्रोफाइलवर परत या आणि 'हेल्प: स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' चालवा. ते अर्धी एक्स्टेन्शन बंद करून विचारतं, दोष गेला का? मग उरलेल्यातली अर्धी. तीस एक्स्टेन्शन असली तरी पाच-सहा प्रश्नांत गुन्हेगार हाती येतो.

कोऱ्या प्रोफाइलमध्येही काळे चौकोन, लुकलुकणं, फुलस्क्रीन करताना मागच्या चित्राचे तुकडे राहणं असं काही दिसत असेल तर ग्राफिक्सकडे वळा.

१. व्हीएस कोडच्या सगळ्या विंडो बंद करा. मॅकवर कमांड + क्यू.

२. टर्मिनलमधून 'डिसेबल जीपीयू' हा पर्याय जोडून एडिटर सुरू करा: कोड, जागा, दोन आडव्या रेघा, डिसेबल, रेघ, जीपीयू.

३. दोष गेला तर 'कॉन्फिगर रनटाइम आर्ग्युमेंट्स' मध्ये 'डिसेबल हार्डवेअर ॲक्सिलरेशन' कायमचं लावण्याआधी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करून बघा.

सावधान: एखादी विंडो मागे चालू राहिली तर नवा आदेश त्याच जुन्या प्रोग्रामकडे जातो आणि पर्याय लागूच होत नाही. 'करून बघितलं, फरक नाही' म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकलेलं असतं.

## दुसरे एडिटर वापरत असाल तर

ईमॅक्समध्ये फुलस्क्रीन केल्यावर खाली किंवा उजवीकडे बारीक मोकळी पट्टी राहते. फ्रेमचा आकार अक्षराच्या पटीतच घेतला जातो, उरलेले पिक्सेल वाऱ्यावर. सुरुवातीच्या फाइलमध्ये 'फ्रेम-रीसाइझ-पिक्सेलवाइज' या व्हेरिएबलला टी ही किंमत द्या.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये टायटल बार आणि मेन्यू दोन्ही गेले असतील तर बहुधा एफ११च्या शेजारचं एफ१२ दाबलं गेलंय. तो पोस्ट-इट मोड. पुन्हा एफ१२.